दर दहा सेकंदांनी एक फोटो

प्रिय सुरुची,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू माझ्या गोळ्या आणि जेवणाचीच चौकशी करत बसतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. शिवाय हे सगळं मला एकदा कागदावर मांडून बघायचंय, कारण डोक्याचा पार गोंधळ झालाय.

आपला वॉचमन बाबाजी आठवतोय ना? चेणे गावचा, नऊ वर्षं बिल्डिंगमध्ये होता, तुझ्या लग्नात पाण्याचे जार एकट्याने वर चढवले होते. त्याला मी मागच्या आठवड्यात कामावरून काढलं. दुपारी पाण्याचा पंप चालू करायचा आणि टाकी भरली की बंद करायचा, हे त्याचं काम. तर आठवड्यात तीनदा गच्चीवरची टाकी भरून वाहिली. इथे लोक बादली-बादलीला जपतात आणि आमचं पाणी गटारात! पंप मी बंद केलाच हाय, असं तो पोरांची शपथ घेऊन सांगत होता. पण मी पडलो सेक्रेटरी, मला कुठला दम निघतोय? चोराच्या उलट्या बोंबा, असं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. तो किल्ल्या ठेवून गेला.

आणि या मंगळवारी नवा वॉचमन असताना टाकी पुन्हा वाहिली.

मग मी चौथ्या मजल्यावरच्या रसिकाला गाठलं. पंपाच्या खोलीत कॅमेरा आहे, पण पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग बघत कोण बसणार? तिने कॉम्प्युटरला असं काही लावून दिलं की तो व्हिडिओतून दर दहा सेकंदांनी आपला आपण एक फोटो काढून ठेवतो. तासाचे तीनशे साठ, प्रत्येकावर तारीख आणि वेळ. भरभर बघून होतात. ती पेन ड्राइव्ह देऊन ऑफिसला गेली आणि मी चष्मा पुसून बसलो.

पहिल्याच दिवशीच्या फोटोत बाबाजी बटण बंद करताना दिसला. लाल दिवा विझलेला. मग नुसती रिकामी खोली, शंभरेक फोटो तीच भिंत. मग दारात एक म्हातारा. पुढच्या फोटोत त्याचा हात बटणावर. त्याच्या पुढच्यात दिवा लागलेला आणि म्हातारा वळून कॅमेऱ्याकडे बघतोय. अंगात तू दिवाळीला घेतलेला चौकड्यांचा शर्ट.

अगं, मी दुपारी झोपतो! तुझी आई दोनला शिवणाच्या क्लासला गेली की मी पेपर तोंडावर घेऊन आडवा होतो. पण चारही दिवस मीच. आधी वाटलं तारखा चुकल्या, मग वाटलं रसिकाने चेष्टा केली. पुढून बघितले, मागून बघितले. दोन फोटोंच्या मधल्या दहा सेकंदांत माझ्या मनात काय होतं, ते शोधत बसलो. काही म्हणजे काही आठवत नाही. खरं सांगतो, मला भीती वाटतेय.

आईला अजून बोललो नाही. गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला तेव्हा ती माझ्याकडे नुसती बघत राहिली होती, आणि मी उलटा तिच्यावरच ओरडलो. हे तुला आधी सांगितलंय का?

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. टाकी मी वाहवली, बाबाजीने नाही, हे मला सगळ्यांसमोर सांगायचंय आणि त्याची माफी मागून त्याला परत आणायचंय. नंतर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. पण माझा भरवसा आता मलाच राहिलेला नाही. म्हणून तू ये, माझ्या शेजारी बस. पेन ड्राइव्ह याच पाकिटात घातलाय, म्हणजे तो माझ्या हाताला लागणार नाही. त्या दिवशी मी ताठ मानेने बाबाजीलाच खोटारडा म्हणायला लागलो, तर माझी भीड धरू नकोस. उभी राहा आणि हे पत्र मोठ्याने वाच. अक्षर माझंच आहे, ते तरी मी नाकारणार नाही.

तुझाच,
बाबा