अँटिबॉडीचे खडे आणि माझी बटणं

थोरल्या ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे मनातल्या मनातच वाकले आहे, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे, भावजींचा खोकला बसला का, आणि तू पाय शेकतेस की नुसतीच कण्हतेस, ते सविस्तर कळव. इथे आम्ही धडधाकट आहोत. तुझी लेक चिंगी वेडी झाली आहे, पण घाबरू नकोस, आनंदाने झाली आहे. माझं अक्षर चौथीत शाळा सोडली तिथेच थांबलंय, तेव्हा चष्मा लावून वाच.

चिंगी फोनवर कामाचं सांगते तेव्हा तू नुसतं हं हं करतेस, आणि मग मला फोन करून विचारतेस की ही करते तरी काय. आता एकदाच सांगते. माणसाच्या पोटात औषध जास्त गेलं की त्याचं विष होतं. ते रक्तातून पकडायला अँटिबॉडी लागते. अँटिबॉडी म्हणजे रक्तातला चिमटा समज. चिंगीला अख्खा चिमटा नको, त्याचा पकडणारा तुकडा तेवढा हवा, आणि त्या तुकड्याने औषधाचा एक रेणू (बारीकात बारीक कण, तुझ्यामाझ्या डोळ्यांना दिसायचा नाही) कसा धरलाय त्याचं चित्र हवं. ते साध्या कॅमेऱ्याने निघत नाही. आधी त्या दोघांचे मिळून खडे बनवायचे, साखरेचे असतात तसे, आणि मग मोठ्या यंत्रात त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. तर खडे बनेनात. तीन वर्षं. चोवीस खळग्यांचे प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येक खळग्यावर काचेची चकती, चकतीला खालून टांगलेला थेंब, आणि थेंबात बघावं तर नुसता थेंब. तिच्या मोठ्या बाईंनी तोंडावर सांगून टाकलं होतं की मुदत संपेपर्यंत खडे आले नाहीत तर जागा गेली.

यात तुझा काय संबंध, असं तू म्हणशील. (म्हणशीलच.) चिंगीच्याच प्रयोगशाळेत मी वीस वर्षं काचेची भांडी घासते आणि केर काढते. तिथे सगळेच मला मावशी म्हणतात, त्यामुळे चिंगी माझी सख्खी भाची आहे हे कळायला लोकांना वर्ष लागलं. तर गेल्या वर्षी तिने वैतागून पाच डबे माझ्यापुढे आपटले, वर तिच्याच हाताने ‘फेका’ लिहिलेलं. आता चांगलं जाड प्लॅस्टिक, एकसारखे चोवीस खळगे, आणि माझी शिवणाची बटणं घरी तीन बरण्यांत कालवलेली. फेकतेय कोण. पिशवीत घातले आणि घरी आणले. दोन साबणाने खसाखसा घासून त्यात बटणं रंगाप्रमाणे लावली (फार देखणी दिसतात), उरलेले तीन कपाटावर टाकले आणि विसरले. त्या घासलेल्या दोनांत काय होतं ते चिंगी विचारत नाही आणि मीही काढत नाही. आठ महिने ही बया रोज संध्याकाळी त्याच कपाटाला पाठ टेकून खड्यांसाठी रडत होती.

मागच्या महिन्यात हूक ठेवायला मी तिसरा डबा काढला. चिंगी समोर बसून काम सोडायचा अर्ज लिहीत होती. सुरीच्या टोकाने मी एक चकती उचकटली, उलटी केली, तर कचकच. म्हटलं, मुंग्यांनी इथेही साखर आणली का. आणि अंगठ्याने पुसली. चिंगीने मान वर केली.

“मावशी, अंगठा हलवू नकोस.”

“का गं, विंचू आहे का?”

“बोलूही नकोस.”

ताई, पाऊण तास मी अंगठा वर करून उभी होते. ही भिंग लावून त्याच्याकडे बघतेय, आणि शेगडीवर माझं दूध उतू जातंय, तेही मी बघतेय, पण हलायची सोय नाही. अंगठ्यावरचे खडे मेले. पण त्याच डब्यात आणखी तीन खळग्यांत निघाले, काचेच्या पातळ पट्ट्यांसारखे. त्यासरशी चिंगी डबा छातीशी धरून एका पायात माझी आणि एका पायात तिची चप्पल घालून पळाली. अर्ज तिथेच राहिला, त्याने मी दूध पुसलं.

खडे गोठवून यंत्राकडे गेले आणि चित्र आलं. सगळे पडद्यापुढे जमले, मी फरशी पुसत होते. मोठ्या बाई सहा वर्षं फळ्यावर तो रेणू चिमट्याच्या खाचेत आडवा निजलेला काढायच्या. चित्रात तो कडेवर उभा. सगळे माना वाकड्या करून बघायला लागले. मी म्हटलं, काजात बटण आडवं जातं का, कडेनेच घालावं लागतं. बाई म्हणाल्या, “मावशी, हे सहा वर्षांपूर्वी का नाही बोललात?” म्हटलं, “विचारलंत कुठे?”

पण बाई पक्क्या. एका डब्यावर जग विश्वास ठेवत नाही, पुन्हा खडे बनवून दाखव, मगच मुदत वाढेल, म्हणाल्या. प्रयोगशाळेतल्या थंडगार कपाटात पुन्हा सगळं लावलं, पुन्हा नुसते थेंब. शेवटी बाई स्वतः आमच्या घरी आल्या. कपाटाची उंची मोजली, लाकूड टकटक वाजवून पाहिलं, खोलीत तापमापी टांगली. डबे घरी कुणी आणले असं विचारलं. म्हटलं, मी. तेही वहीत लिहून घेतलं, मग म्हणाल्या, चहा मिळेल का. आता आमच्या कपाटावर नऊ डबे आहेत. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्यात, आम्ही चवड्यांवर चालतो आणि खुणांनी बोलतो. पंधरा दिवस झाले, थेंबात अजून काही नाही. चिंगीच्या हातात वीस दिवस उरलेत. तरी पोरगी शीळ घालत फिरते (हळू आवाजात), कारण ते चित्र आता कुणी पुसू शकत नाही.

बाकी सगळं ठीक. भावजींना नमस्कार सांग, तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. — तुम्ही दोघं सोमवारी आठ दिवस राहायला येताय, ते येऊ नका. राग मानू नकोस, पाहुण्यांची खोली तीच आहे. मागच्या खेपेला भावजी घोरले तेव्हा कपाटावरची पत्र्याची पेटी सरकत सरकत कडेला आली होती. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले होते, पण सुरुवातीलाच कसं लिहायचं.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवायच्या आधी चिंगीने वाचलं आणि पाकीट माझ्या हातातून हिसकावून घेतलं. म्हणाली, मावशी, ते आठ महिने कपाटाशेजारी तुझं शिवणाचं मशीन चालू होतं ना? होतं की, रोज सहा तास, कपाटाला खेटून. शांतता हवी म्हणून मीच ते पंधरा दिवसांपूर्वी बंद केलं. आता तिचं म्हणणं, त्या खड्यांना हादरेच लागत असतील. दुपारपासून मी मशीन दामटते आहे. पण मला रात्री झोप लागते. तेव्हा पत्र मिळताच निघा. दिवसा मी, रात्री भावजी. त्यांना कपाटाला खेटूनच गादी घालते. कारण मात्र सांगू नकोस, लाजून कुशीवर झोपतील.