टाकीतलं पाणी भिंतीवर का चढलं

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव

नळ मी उघडा ठेवला नव्हता. आज सगळ्या सोसायटीला ते पटलं.

सकाळी बारा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी तपासत होतो. पाणी आपोआप टाकीच्या एका भिंतीवर चढलं, मग समोरच्या, आणि बाहेर सांडलं. मला चक्कर आली की काय? इमारत हलली असेल म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "रफिकभाऊ, खाली काहीच हललं नाही. नळ उघडा राहिला, तुमचाच हलगर्जीपणा. उद्यापासून येऊ नका."

दुपारी बातमी आली, शेकडो कोसांवर भूकंप झाला. सोसायटीतल्या, पूर्वी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या चौधरीबाईंनी सेक्रेटरींना सगळ्यांसमोर सांगितलं, "दुरून येताना बारीक झटके विरतात, संथ लाटा उरतात. त्यांनी उंच इमारती डोलतात, बैठ्या घरांना कळतही नाही. पाणी चढणारच."

"चुकलो, भाऊ. उद्या या," सेक्रेटरी म्हणाले.

घरी बायकोला, शबानाला, तिसऱ्यांदा सांगतोय. ती अजून ऐकतेय.