एका ताटातले दोन गळे

देब्रे ताबोर,
बुधवार, उपासाचा

तीर्थरूप दमिसेदादांस,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना ओठ लावून धाकट्या येशिमेबेतचा नमस्कार. तुम्ही कसे आहात? वहिनी कशी आहे? तिच्या कमरेचं काय? मुलगे, सुना, नवं नातवंड, सगळी सुखरूप ना? अदिस शहराची धूळ तुमच्या छातीला मानवते ना? मी देवाच्या कृपेने ठणठणीत आहे. (हे रीत म्हणून लिहिलं. पुढचं वाचताना मनावर घेऊ नका.)

दादा, मी संपले. एवढं सरळ लिहायचं नव्हतं, पण आडवळणाने लिहायला गेले की मला डुलकी लागते. आपल्या आईच्या गळ्याला जी गाठ होती ना, तिचंच हे पुढचं प्रकरण. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते म्हणे, अख्ख्या अंगाची चूल तीच पेटती ठेवते. माझी चूल विझत चालली आहे. केस गळतात, तोंड सुजतं, आवाज पुरुषासारखा झालाय, आणि परवा चर्चमध्ये उभ्याउभ्या झोपले तर शेजारणीला वाटलं मला दर्शन झालं. तुमच्या मेहुण्यांचं, म्हणजे आमच्या तेगेन्येंचं, नेमकं उलट. त्यांच्या चुलीत कुणीतरी सारखी लाकडं घालतंय. तिघांचं जेवतात आणि वाळत चालले आहेत, हात थरथरतात, डोळे बाहेर आलेत, आणि आजच्यासारख्या उपासाच्या दिवशी दुपारपर्यंत असे फिरतात की कोंबड्यासुद्धा अंगण सोडतात.

आता या दोघांनी एका खोलीत राहायचं. ते दार उघडतात, मी लावते. मी जाड गाबी पांघरून चुलीला चिकटलेली, ते सदऱ्याची बटणं सोडून उंबऱ्यात. मी एक वाक्य बोलेपर्यंत ते त्याचं उत्तर देऊन, त्यावर भांडून, रुसून, बाहेर जाऊन परत आलेले असतात. तीस वर्षांच्या संसारात आम्ही इतके कधी भांडलो नव्हतो. (हे पत्र मी बुधवारी सुरू केलं. आज शुक्रवार आहे. मधे काय झालं ते मला विचारू नका.)

डॉक्टर हिवोत म्हणून एक तरुण मुलगी इथे आली आहे, फार गोड. तिने मला रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. आठ महिने घेतली. फरक शून्य. तिने गोळी वाढवली, पुन्हा वाढवली, तिसऱ्यांदा वाढवली, आणि मग माझ्याकडे मी चोर असल्यासारखी बघायला लागली. "आई, उपाशीपोटीच घेता ना?" आम्ही दोघं एका सुरात, "हो." शेवटी ती म्हणाली, "बरं, कशी घेता ते माझ्यासमोर दाखवा." त्यावर तुमचे मेहुणे गोळी हातात घेऊन खोलीभर बघत म्हणाले, "इंजेरा कुठाय?"

दादा, नवऱ्याने बायकोला औषध नुसतं तळहातावर ठेवून द्यायचं, हे आपल्यात शोभतं का? तेगेन्ये गोळी इंजेराच्या मऊ भाकरीच्या तुकड्यात गुंडाळून, वर जरा शिरोचं पिठलं लावून, स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात गुर्शाचा घास भरवत. आणि एकाच गुर्शावर थांबणं म्हणजे भांडण ओढवणं, म्हणून लगेच दुसरा. त्याला जेवण कोण म्हणेल? जेवण म्हणजे ताट मांडलं, हात धुतले की मग. त्या मुलीने डोक्याला हात लावला. एवढा वेळ गोळीचं अर्धं बळ इंजेरातच जिरत होतं.

उरलेलं अर्धं कॉफीत. आता गोळीनंतर तासभर कॉफी बंद. पण शेजारची बांचियाहू सकाळीच बिया भाजायला घेते, बोलावणं येतं, आणि तिसरा पेला व्हायच्या आत उठणं म्हणजे तिच्या घराला शाप दिल्यासारखं. मी जात नाही म्हटल्यावर ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाईसाहेबांना आता आमची कॉफी कडू लागते! गळा सुजला तशी मानही ताठ झाली!" चाळीस वर्षांची मैत्रीण, दादा. मी घरी येऊन रडले. रडतानाही झोप लागली.

पण हे सगळं मी सोसलं असतं. तेगेन्येंचं हृदय वेडंवाकडं धावतंय. डॉक्टर हिवोतने त्यांची नाडी धरली आणि तिचा चेहराच उतरला. त्यांच्या गोळ्यांनी आता भागणार नाही, दोन महिन्यांच्या आत अदिसला नेऊन गळ्याची शस्त्रक्रिया करा, नाहीतर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणतात, "मला काय झालंय? कालच तर तिरडीला खांदा दिला." मी रडून पाहिलं, अबोला धरला, पाद्रीबाबांना मधे घातलं. दगडाला पाझर फुटेल, यांना नाही. मला त्यांच्या जिवाची फार भीती वाटते, दादा. ते घरात नसले की मी दाराकडे बघत बसते.

तुमची आज्ञाधारक,
येशिमेबेत

ता. क. वहिनीला मसाला पाठवते आहे. त्यात खडे निघाले तर क्षमा करा, निवडता निवडता झोपले होते.

ता. क. दुसरा. आता खरं काम. तेगेन्ये आमच्या इदिरचे, मयताच्या मंडळाचे, प्रमुख आहेत. गावात कुणी गेलं की मांडव, बाकं, रडणाऱ्या बायकांची जेवणं, सगळं त्यांच्याकडे. स्वतःच्या जिवासाठी ते अदिसला येणार नाहीत, पण मयताला आल्याशिवाय राहणार नाहीत. तेव्हा दादा, तुम्ही एवढं मनावर घ्या आणि मेलात असा निरोप पाठवा. आठच दिवस. वहिनीला आधी सांगून ठेवा.

ता. क. तिसरा. दमिसेदादा, मी तेगेन्ये. पत्र बसवाल्याकडे द्यायला मलाच पाठवलं, आणि बंद लिफाफा मला बघवत नाही. अक्षर हलतंय ते हातामुळे. तुम्ही मरू नका. मला यायचंय हो, गळ्याला काय झालंय ते मला कळतं. पण हिला उठवणार कोण? तीन हाकांना हलत नाही, चौथीला डोळे उघडते. मागच्या महिन्यात मी मयतासाठी दोन दिवस बाहेरगावी होतो. आलो तर चूल थंड, गोळ्या होत्या तशा, आणि ही भिंतीकडे तोंड करून. नऊ हाका मारल्या. हिला ते अजून सांगितलेलं नाही. तुम्हीच इथे या. रोज सकाळी हाका मारायच्या, ती उठेपर्यंत मोजायच्या नाहीत. गोळी पाण्याबरोबर, गुर्शा नाही. तुम्ही दारात दिसलात की मी त्याच बसने निघतो. आणि तिकडून माझ्याबद्दल काही बरंवाईट कळलं, तर तिला लगेच सांगू नका. आधी सकाळची गोळी घेऊ द्या.