आधी दूध, मग चहा

तीर्थस्वरूप ग्लेनिसताईस,

‘नभोनौका’ मालिकेच्या लीड्समधील चाहत्यांच्या ज्ञानकोशाचा प्रधान संपादक या नात्याने सविनय निवेदन करतो. मालिकेवर बेतलेल्या कादंबरीतली निनावी स्वयंपाकीण हीच कप्तानाची हरवलेली आई, असे तू सहा वर्षांपूर्वी म्हणालीस. कारण कप्तानाच्या आठवणींत दिसणारी आई आणि ती स्वयंपाकीण, दोघीही कपात आधी दूध ओततात, मग चहा. मी ‘नामोल्लेखाभावी अग्राह्य’ असा निर्णय दिला.

“दगडा, आई ओळखायला पाटी लागते का रे?” म्हणालीस आणि अबोला धरलास.

कालच्या भागात आई प्रकटली. म्हणाली, “इतकी वर्षं तुझ्याच नौकेवर रांधत होते, बाळा!” मी सोफ्यावर यथाशक्ती नृत्य केले आणि ज्ञानकोशातली दोघींची पाने सानंद एकत्र केली.

तथापि पराभवाची लेखी कबुली संपादकपदास अशोभनीय असल्याने हे पत्र टपालात न टाकता दुपारच्या गाडीने स्वतःच येतो.

तुझा सपशेल चुकलेला धाकटा,
डेस्मंड