सहाव्या रांगेतली नांगी

५ फेब्रुवारी

आलो एकदाचे. संशोधन केंद्राने दिलेलं घर कल्पनेपेक्षा बरं निघालं. दोन खोल्या, ऐसपैस ओटा आणि मागचं दार उघडलं की थेट प्रयोगाचं शेत. इमारती लाकडाच्या झाडांच्या लांबच लांब रांगा आणि दोन रांगांमधल्या पट्ट्यात मका. पिकासोबत झाडं वाढवली तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं आणि जमीन सुधारते की बिघडते, हे शोधणं माझं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांची आकडेमोड केली, हा प्रयोग मात्र माझा.

मी चहाचं भांडं शोधत होते, तेव्हा नाना मागच्या दारात उभं राहून झाडांना "पुढे चला, पुढे चला" म्हणत होते. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला रांग दिसली की राहवत नाही. आई गेल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली आहे. दादाने त्यांना माझ्याकडे पाठवताना दहादा बजावलं की त्यांना एकटं सोडू नकोस, ते वाट फुटेल तिकडे जातात. मी म्हटलं, माझ्याकडे भटकायला अख्खं शेत आहे, तू काळजी करू नकोस.

९ फेब्रुवारी

कामाला सुरुवात केली, म्हणजे करायचा प्रयत्न केला. प्रत्येक झाडावर छातीएवढ्या उंचीला पांढऱ्या रंगाचं कडं काढलेलं असतं, तिथे टेप लावून घेर मोजायचा. शेंबडं पोरही करील असं काम. पण टेप तुटलेली, दुसरी टेप भांडारात, भांडाराची किल्ली मुकादमाकडे आणि मुकादम रजेवर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

शेवटी सुतळीने मोजलं आणि सहाव्या रांगेपाशी राग पळाला. झाडाच्या सावलीत आणि मुळांच्या ओढीत पीक खुरटतं, हा नियम. इथे मका झाडाला जितका जवळ, तितका हिरवागार. माती हातात घेतली तर केकसारखी भुसभुशीत. ही एक रांग दाखवली तरी कुठलाही शेतकरी झाडं लावायला तयार होईल.

फक्त रांगेच्या मध्यावर एक नांगी आहे. झाड मेल्यावर किंवा रोप न जगल्यावर रांगेत जी मोकळी जागा राहते ती नांगी, आणि ती रोप लावून भरायची असते. या नांगीशेजारचं झाड भलतंच जाडजूड आहे. त्याच्या बुंध्याशी गमबुटाची एक कड सालीत रुतलेली दिसली. माझ्या आधी इथे असलेल्या साहेबांचा बूट असणार. ते म्हणे कामाचा ताबा न देता, सामानही न नेता निघून गेले. असले लोक मागच्यांना निस्तरायला ठेवून जातात.

१४ फेब्रुवारी

संचालकांचा फोन. मार्चमध्ये तपासणी समिती येणार. ज्या रांगेत नांगी असेल ती रांग निष्कर्षातून बाद. म्हणजे माझी सहावी रांग बाद, आणि ती गेली की प्रयोगात उरतं काय? समिती नाराज झाली तर केंद्रही बंद होईल, असं ते हवापाण्यावर बोलावं तसं सांगून गेले.

मुकादम एकदाचा उगवला. त्याला नांगी भरायला सांगितली तर म्हणाला, ती रांग रोप घेत नाही, सोडून द्या बाई. का घेत नाही, विचारलं तर पाठ फिरवून चालू लागला. मग मीच खड्डा केला आणि रोप लावलं.

२० फेब्रुवारी

रोप बाहेर. पुन्हा लावलं, पुन्हा बाहेर. वाळलं नाही, कुणी कुरतडलं नाही, मुळांसकट मातीवर आडवं पडलेलं असतं. आधी डुकरांवर संशय घेतला, मग मजुरांवर. मजुरांना बोल बोल बोलले. ते ऐकून घेतात आणि सहावी रांग सोडून बाकी सगळीकडे काम करतात. डोकं फिरायची वेळ आली आहे.

त्यात नाना आज पुन्हा हमरस्त्यापर्यंत गेले. एका सायकलवाल्याने आणून सोडलं. मी त्यांच्यावर ओरडले, ते माझ्यावर ओरडले. शेवटी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. नांगीत नवं रोप लावलं, शेजारी खुर्ची टाकली आणि नानांना सांगितलं की तुमची ड्युटी इथे, रोपावर नजर ठेवायची. ड्युटी म्हटल्यावर ते लगेच ताठ झाले.

२७ फेब्रुवारी

नाना बसतात. आई गेल्यापासून पहिल्यांदाच एका जागी बसतात. दादाला फोनवर सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रोप मात्र तरीही बाहेर पडलं. तुमच्या डोळ्यांदेखत कोणी उपटलं, असं नानांना विचारलं तर नुसते हसले. आता त्यांनी खुर्ची खड्ड्यातच ओढून घेतली आहे. चपला काढून पाय मातीत सोडून बसतात. माती गरम आहे, पाय शेकतात म्हणे. जेवण निम्म्यावर आलं आहे, पाणी मात्र बादलीभर लागतं.

४ मार्च

पोकळ गिरमिटाने खोडात भोक पाडून लाकडाची कांडी काढतात. तिच्यात दर वर्षाचं एक कडं दिसतं, त्यावरून झाडाचं वय कळतं. आज नांगीशेजारच्या जाड्या झाडाची कांडी काढली. कड्यांचा पत्ताच नाही. एवढं झाड एका वर्षात? गिरमिट बिघडलं म्हणावं, तर शेजारच्या झाडांची वयं बरोबर येतात.

मुकादमाला धरून बसवलं. तेव्हा कुठे बोलला. गेल्या वर्षी त्या रांगेत शेजारी शेजारी दोन नांग्या होत्या. साहेबांनाही रोपं जगेनात. मग ते स्वतःच तिथे जाऊन उभे राहायचे, पायाला बरं वाटतं म्हणायचे. साहेब दिसेनासे झाले आणि एक नांगी भरलेली दिसली. मी त्याच्यावर खेकसले की असल्या भाकडकथा पोरांना सांग. त्याला राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

७ मार्च

नाना जेवायला आले नाहीत. हाक मारली, नुसती मान हलवली. खुर्ची बाजूला पडली आहे आणि ते खड्ड्यात उभे आहेत. घोट्यापर्यंत माती. हात धरून ओढलं तर ओरडले. असे ते आई गेली तेव्हाही ओरडले नव्हते. मजूर रांगेत पाय टाकायला तयार नाहीत. डॉक्टर फोनवर म्हणतात, पाय आखडले असतील, दवाखान्यात घेऊन या. कसं आणू? कोण उचलणार?

आणि त्यांना तिथे बसवलं कोणी? मी. माझ्या रांगेसाठी.

८ मार्च

हातांनी माती उकरली. पायाची बोटं संपत नाहीत. पांढरी, बारीक होत होत चहूकडे गेली आहेत. मक्याच्या खाली —

कुदळ आणली. झाडाची मुळं पिकात शिरली की चर खणून तोडा, असं मीच शेतकऱ्यांना शिकवते. उन्हाळ्याच्या तोंडावर चारी बाजूंनी तोडली तर झाड मरतं, हेही मीच शिकवते.

नानांना विचारलं, कापू का. त्यांनी कुदळीकडे बघितलं. मग म्हणाले, "जन्मभर उभ्याने ड्युटी काढली, बाळ. आता कुठे हक्काची जागा मिळाली."

कुदळ टाकून दिली. काही सुचत नाही.

११ मार्च

समिती आली. मी पोचायच्या आत त्यांच्यातल्या कोणीतरी नानांच्या छातीवर पांढरं कडं काढलं होतं. शर्टावर. आता तो शर्ट आहे की साल, मलाही —

त्यांनी टेप लावून नानांचा घेर मोजला. हे माझे वडील आहेत, असं ओरडून सांगितलं. कोणीतरी मला सावलीत बसवलं, ऊन लागलंय म्हणाले. ती सावली नानांची होती.

संचालकांचा फोन. अभिनंदन. रांग भरली, तुम्हीच हे कराल अशी खात्री होती.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. आणखी काय लिहू.

१२ मार्च

साहेबांचं झाड वाळलं. सगळी पानं खाली. मी हात टेकला तर मुळासकट आडवं झालं, लावलेल्या रोपासारखं. आतून बूट निघाला.

नानांच्या शेजारी पुन्हा नांगी.

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू थकली आहेस, उद्या येतो, नानांना घेऊन जातो. येऊ नकोस म्हटलं. ऐकत नाही. घरात कोणी ऐकतच नाही.

१३ मार्च

नानांना नुसतं पाणी घालायला आले होते. बुटांत माती गेली म्हणून शेजारच्या नांगीत उभी राहून काढले. माती खरंच गरम आहे. आधी बरं वाटलं, मग —

डावा पाय निघत नाही.

नानांचा चेहरा आता शोधावा लागतो. आवाज मात्र तोच आहे. "पुढे सरका. आत जागा आहे."

पलीकडचं झाडही पिवळं पडलंय. कालपर्यंत हिरवं होतं. म्हणजे तिसरी नांगी —

गाडी वाजली. दादा. मागच्या दारातून मला हाक मारतोय. मला बघितलं की सरळ धावत येणार, हात धरून ओढणार, लहानपणी विहिरीच्या काठावरून ओढायचा तसा. ओरडते आहे, पण तोंडातून नुसती सळसळ. ही वही त्याच्याकडे फेकली तर वाचेल. दादा, तिथेच थांब. नानांकडे बघू नकोस. माझ्याकडेही येऊ नकोस. चपला घालून असलास तरी या रांगेत पाय —