खुंट्यापर्यंत न पोचलेला दोर

९ एप्रिल १९५५
मेडशीहून बैलगाडीनं धारखेडला पोचलो आणि कोंडवाड्याचा कारभार हाती घेतला. बायको, ललिता, खूश आहे. स्वतंत्र खोली, दारात कडुनिंब. मोकाट जनावरांचा जेलर म्हणून मला चिडवूनही झालं. वाड्याच्या मधोमध तेलानं काळा पडलेला सागवानी खुंटा आहे. जुना राखणदार लखीराम म्हणतो, आलेलं प्रत्येक जनावर त्यालाच बांधायचं. मी हो-हो केलं.

१३ एप्रिल
एक कपिला गाय आली. मालकानं ओळखीसाठी शिंगाला लाल धागा बांधला, उद्या नेतो म्हणाला आणि गेला. या उन्हात खुंट्याला जखडायची म्हणजे कसाबकरणीच. मी तिला मोकळी सोडली. लखीराम तोंड पाडून बसला. बसू दे, मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

१४ एप्रिल
भर दुपारी कुणीतरी गाय फाडली. मान उलटी, फासळ्या बाहेर, आतडी मातीत. फाटक बंद होतं, ठसे नाहीत. लखीरामनं खुंट्याला बांधलेली बाकीची जनावरं निवांत रवंथ करत होती. दिवस कलेपर्यंत हाडंही उरली नाहीत. लाल धागा तेवढा सापडला. गाठ जशीच्या तशी, आत शिंग नाही.

२० एप्रिल
लखीराम म्हणतो, अवसेच्या दुपारी खुंट्याशी न जोडलेल्या माणसांचीही अशीच झाडलोट होते. सारा गाव खुंट्याचा दोर धरून बसतो, आम्हीही बसावं. मी म्हटलं, गाव आम्हाला ओळखतं, येता-जाता रामराम घालतं. तो म्हणाला, "साहेब, वळख म्हंजे तो लाल धागा. खुंट्यापासून दोर तुमच्यापावतर आला पाह्यजे."

ललिता जाऊ या म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. खुंट्याला बांधून घ्यायला आम्ही ढोरं नाही.

२२ एप्रिल, अमावस्या
भीती वाटते, खोटं कशाला लिहू. दार लावून घेतलंय. ललिताच्या आणि माझ्या कमरेला एकच दोर बांधलाय, गाठी मीच मारल्या. आम्ही एकमेकांना धरून आहोत, आणखी काय हवं? बाहेर दोन बैलही असेच एकमेकांना बांधून सावलीत ठेवलेत.

ऊन डोक्यावर. गाव खुंट्याभोवती बसलाय, माना खाली. खिडकीतून दिसतं —

एका बैलाची मान मोडली. मोडणारं कुणी दिसलंच नाही. दुसरा पळाला, दोरानं मागं खेचला — पोट फाटलं —

नुसता दोर पडलाय. दोन्ही फास बांधलेले. रिकामे.

एकमेकांना धरून काही — खुंटाच हवा. ललिता सांगत होती. गाठ सुटत नाही, नखं तुटली —

लखीराम खिडकीशी, दोराचं टोक पुढं करतोय — हात पुरत नाही —

दार फुटलं. ललिता — तिचं रक्त वहीवर — ती ओढली जातेय, तिच्यामागं मी — माझीच गाठ, पक्की —