नवं खायचं राहिलं

बा,

आज निवड समितीपुढे मुरबाडकडची एक मुलगी आली होती. परदेशी शिकायला जायच्या काही जागा आता आपल्यासारख्यांच्या पोरांसाठी राखून ठेवतात, आणि निवडणाऱ्यांत मलाही बसवतात. बाकीच्यांनी तिला अभ्यासाचं विचारलं. मी विचारलं, "घरी काय सांगून निघालीस?" ती म्हणाली, "लवकर येते, असं सांगितलंय." माझा आवाज एकदम चढला. "असं काही सांगत जाऊ नकोस!" पोर बावरली, शेजारचे सदस्य माझ्याकडे बघत राहिले. तिचं काय चुकलं होतं? राग माझा माझ्यावरच होता. म्हणून घरी येऊन तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. हे कुठे पाठवायचं, तेही मला ठाऊक नाही.

आपल्या पाड्यातून माझ्याआधी कुणी कल्याणपलीकडे शिकायला गेलं नव्हतं. शहापूरचे मास्तर सांगत आले, की यंदा रानातल्या पोरांसाठीही विलायतेची एक जागा ठेवली आहे, शेतकी शिकायला. तू हसून हसून बेजार झालास. "शेती शिकाया बोटीत बसाया लागतं का रे?" मास्तरांनाही हसू आवरेना. पण ती जागा मला मिळाल्याचं कळलं, तेव्हा पाड्यातल्या एकेका ओट्यावर जाऊन बसलास आणि कुणी विचारायच्या आत सांगत सुटलास. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती.

खर्डी स्टेशनापर्यंत माझी ट्रंक तू डोक्यावरून आणलीस. भादवा सरत आलाय, खाचरांत भात निसवून लोंब्या बाहेर आल्यात, आणि तू माझ्याकडे न बघता त्या भाताकडे बघतोयस. "नवं खाऊन गेला असतास तं बरं झालं असतं," म्हणतोस. आपल्यात नवा भात आधी देवाला दाखवायचा, मग घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीला बसून खायचा, हे मला काय माहीत नव्हतं? पण गाडी दिसू लागली होती आणि माझं लक्ष नव्या बुटांना लागलेल्या चिखलाकडे होतं. बोलायचं म्हणून बोलून गेलो, "थांब ना तू. मी आलो का संगं खाऊ." तू "बरं" म्हणालास.

दोन वर्षांत यायचं होतं. लढाई लागली, बोटी अडल्या, आणि ती संपेपर्यंत मी तिकडेच राहिलो. अधूनमधून माझी पत्रं पोचायची, मास्तर तुला वाचून दाखवायचे. मी थंडीचं लिहिलं, बटाट्यांचं लिहिलं, तिकडच्या गाईंचंही लिहिलं. नव्याचं एकदाही लिहिलं नाही. मला आठवणच नव्हती, बा. "तू खा" एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

परतलो तेव्हा तू हिवतापाने गेल्याचं मास्तरांकडून शहापुरातच कळलं. घरी आत्या एकटी होती. तिने रडून घेतलं, मग मला जेवायला वाढलं, आणि मी जेवत असताना सांगू लागली. "माझा भाऊ नवा भात खायचा नाय. जुना सरला तवापास्नं आमाला भात वाढायचा आन आपुन नाचणीची भाकर घेऊन बसायचा. मी म्हणायची, खा रे. तं म्हणायचा, पोर बोलून गेलाय, आल्यावर संगं खाऊ. तापात पेज करून दिली. इचारलंन, कंच्या भाताची? नव्याची म्हटल्यावर तोंड फिरवलंन."

माझ्या ताटातला भातही नवाच होता. आपल्याच खाचरातला. ती हे सांगेपर्यंत मी दोनदा मागून घेतला होता. तिथे तरी हात थांबायला हवा होता. आत्या पदराने डोळे पुसत होती आणि मी खाली मान घालून जेवत होतो. तिला वाटलं, मी रडतोय.

उरलेला भातही मी संपवला, बा. गोड लागला.